हातचं पाणी

नागपूर मागे पडून तासभर झाला असेल. इंटर क्लासच्या डब्यात, दाराजवळच्या बाकावर तुम्ही अंग चोरून बसला आहात. साल १८९३. राजनांदगाव संस्थानात कामासाठी निघालेले तुम्ही एक साधे कारकून. डोक्याला पगडी, मांडीवर दशम्यांचं फडकं, आणि कोळशाची कणी जाऊ नये म्हणून खिडकीकडचा डोळा मिटलेला. समोर तिशीचा एक ब्राह्मण गृहस्थ आहे आणि त्याच्या शेजारी चक्क एक गोरा साहेब.

डब्यात साहेब असला की काय करायचं हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. गाठोडं उचलायचं आणि पुढच्या स्टेशनला डबा बदलायचा. पण हा साहेब स्वतः सरकून जागा करून देतो आणि त्या गृहस्थाशी कवितेवर बोलायला लागतो. तुम्हाला त्यातलं फारसं समजत नाही. दोघांपैकी कोणीच कोणाला शिकवायला बसलेलं नाही, एवढं मात्र समजतं, आणि ते पाहून तुम्ही मिटलेला डोळाही उघडता. मग बोलणं धर्माकडे वळतं. ब्राह्मण वाद घालतो, चांगला हिरिरीनं घालतो. त्याला सवय दिसते. साहेब जिंकायच्या भरीस पडत नाही. नव्या कराराचं पुस्तक त्याच्या हाती देतो, वाचा म्हणतो, आणि वर भाकीत करतो की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. ब्राह्मणाला हसू येतं. तुम्हालाही येतं. एकमेकांची नावं विचारायची मात्र राहून जातात.

त्या गृहस्थाचं नाव नारायण वामन टिळक. शब्द दिला म्हणून ते पुस्तक उघडतात आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन अडकतात. मग मुंबईच्या अमेरिकन मिशनशी पत्रव्यवहार, मनाची ओढाताण, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. साहेबाचा हिशेब जवळजवळ जुळला.

ख्रिस्ती मंडळी हा आगगाडीचा प्रसंग फार रंगवून सांगतात. मला विचाराल तर त्याचं कौतुक जरा जास्तच झालं आहे. प्रवासात भेटलेल्या माणसाशी चार घटका गोड बोलायला काय लागतं? स्टेशन आलं की तो आपल्या वाटेनं, आपण आपल्या. खरी परीक्षा रोजच्या शेजाराची, एका आडाची, एका चुलीची. ती पाहायची तर तुम्हाला नगरला यावं लागेल, आणि येताना पगडी या डब्यातच ठेवावी लागेल. नगरमध्ये तुम्ही कारकून नाही. नेवाशाकडच्या एका खेड्यातले महार आहात, वय विशीच्या आत.

दौंड-मनमाड लाइनवर नगरच्या स्टेशनात उतरता तेव्हा तोंडाला कोरड पडली आहे. १८९९ चा पाऊस आलाच नाही. वाटेत दोन्ही बाजूंना उघडी रानं, बाभळीला पाला नाही, जनावरांचे सांगाडे नाल्यात तसेच पडलेले. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत आहेत. स्टेशनाबाहेर एक आड आहे. तुम्ही त्याच्याकडे बघता आणि पुढे चालू लागता. तहान असली म्हणून आड आपला होत नाही.

अमेरिकन मिशन या गावात १८३१ पासून आहे. इथल्याच फरारबाईंच्या शाळेत सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं. माळीवाड्याच्या वेशीतून आत शिरलात की मिशनची माणसं ओळखू येतात ती 'सलाम' या शब्दावरून. नमस्कार नाही, रामराम नाही, जोहार तर नाहीच. तुमच्या बापानं जन्मभर वाकून जोहार घातला. इथे बंगल्यातला साहेब आणि झाडूवाला दोघंही एकमेकांना सलाम करतात. पहिल्यांदा तुम्हाला कोणी सलाम करतं तेव्हा तुम्ही मागे वळून पाहता, की हा कोणाला केला.

पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? वेशीपाशी दोघं बोलत असतात, तुम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं. पोटासाठी बाटली ही माणसं. पाऊस पडू दे, परत येतील. तुम्हाला राग येतो, आणि रागासोबत एक शंकाही येते, कारण मिशनच्या अनाथालयात पोरांना दोन वेळची भाकरी मिळते हे खरं आहे, आणि भाकरीच्या मागोमाग प्रार्थना येते हेही खरं आहे. उपाशी माणसाशी केलेल्या मैत्रीत तराजू आपोआप एका बाजूला कलतो. देणाऱ्याचा हेतू कितीही स्वच्छ असो, घेणाऱ्याला 'नाही' म्हणायची सोय हवी, आणि दुष्काळात ती कोणाला असते? मिशनच्या इतिहासात हा प्रश्न उरतोच. बाहेरून आरोप करणाऱ्यांनाही एक विचारायला हवं: त्या साली त्यांच्या आडावर कोणाकोणाला पाणी मिळत होतं?

तुम्ही आला आहात थोरल्या भावाकडे. तो मिशनच्या पाठशाळेत उपदेशकाचं शिक्षण घेतो आणि टिळक तिथे शिकवतात. भाऊ एक चिठ्ठी देऊन तुम्हाला त्यांच्या घरी पाठवतो. तुम्ही पायरीपाशी थांबता. थांब असं कोणी म्हटलेलं नाही. पायांना आपलं ठाऊक असतं.

घरात एक बाई आहेत, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. वय तिशीचं, कपाळाला कुंकू, नऊवारी लुगडं. नवरा ख्रिस्ती झाल्यापासून चारेक वर्षं त्या माहेरच्या माणसांच्या आधारानं राहिल्या, कधी पंढरपूर, कधी नाशिककडे. आता मुलाला घेऊन नवऱ्याजवळ आल्या आहेत, पण सोवळं सोबत घेऊन. चूल त्यांची, पाणी त्यांचं, भांडी त्यांची. तुम्हाला पायरीवर पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते तुम्ही लहानपणापासून हजार चेहऱ्यांवर पाहिलं आहे. त्यात दुष्टपणा नसतो. असता तर भांडता तरी आलं असतं.

टिळक बाहेर येतात. चिठ्ठी घ्यायच्या आधी तुमचा हात धरतात आणि सरळ पायरीवर तुमच्या शेजारी बसतात. गाव कोणतं, पीक काय, गाणं येतं का? तुम्हाला ओव्या येतात, आईच्या जात्यावरच्या. म्हणून दाखवायला लावतात. चिठ्ठी त्यांच्या हातात तशीच राहते आणि बहुधा पुढे हरवते. या गृहस्थांच्या हातात कागद, पैसा, छत्री काहीच टिकत नाही, असं भावानं सांगूनच ठेवलेलं आहे.

परतताना तुमच्या डोक्यात मात्र दुसरीच गोष्ट घोळत असते. हा माणूस कीर्तनात, वर्गात, बाजारात सगळ्यांना सांगतो की देवापुढे जात नाही. घरात याची बायको याच्या विद्यार्थ्याच्या हातचं पाणी पीत नाही. आणि हा तिच्यावर ओरडत नाही! गावातला कुठलाही नवरा एव्हाना ताट भिरकावून मोकळा झाला असता. इथे तिचं सोवळं तिला पाळू दिलं जातं, ती करते ते अन्न तो जेवतो, आणि दारात मात्र रोज तुमच्यासारखी माणसं येत राहतात. तुम्हाला तो दुबळेपणा वाटतो. भावाला तसं बोलूनही दाखवता.

पुढच्या खेपेला तुम्ही येता तेव्हा १९०० चा पाऊस पडून गेला आहे. पायरीपाशी थांबता. बाई स्वतः बाहेर येतात आणि तुम्हाला आत बोलावतात.

मधल्या काळात काय झालं ते त्यांनी पुढे 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. कोणी उपदेश केला म्हणून नव्हे, स्वतःशी विचार करता करता त्या एका जागी येऊन पोचल्या: जाती माणसानं केल्या, देवानं नव्हे. तेव्हा कोणाच्याही हातचं खायचं, कोणाच्याही हातचं प्यायचं. हे आधी झालं आणि बाप्तिस्मा नंतर, त्याच १९०० सालात. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. मिशनच्या वहीत नोंद होते ती बाप्तिस्म्याची. पण तांब्या हातातून हातात गेला त्या दिवसाची नोंद कुठल्या वहीत करणार?

तुम्ही आत जाता आणि कुठे बसावं हेच कळेना. अख्खं स्वयंपाकघर तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा आतून पाहत आहात, म्हणजे असं स्वयंपाकघर: फडताळावर ओळीनं मांडलेले पितळी डबे, चुलीशेजारी पोतेऱ्यानं काढलेली ओली रेघ, कोपऱ्यात माठ. बाई माठात ओगराळं बुडवून तांब्या भरतात, वर फुलपात्र पालथं घालतात आणि तुमच्यापुढे ठेवतात. वरून ओंजळीत ओतत नाहीत. ठेवतात. फुलपात्राला ओठ लावायचे की नाही, यावर तुम्ही इतका वेळ घालवता की त्या विचारतात, पाणी गार नाही का?

आता थोडं भरभर पुढे जाऊ. मधली वर्षं तुम्ही खेड्यात मिशनच्या शाळेचे मास्तर म्हणून काढता. एका खोलीची शाळा, पगार तुटपुंजा, पाटलाची नाराजी, रविवारी उपासना. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. प्लेग येतो, माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालतात, पुन्हा परततात. टिळकांची गाणी मात्र तुमच्यापर्यंत हस्तलिखितात, तोंडोतोंडी, कशीही पोचतात. पूर्वी उपासनेत गायची ती गीतं भाषांतरित असायची. शब्द मराठी, चाल विलायती, आणि दोघांचं जमायचं नाही. गाताना म्हाताऱ्यांचा श्वास मध्येच संपायचा. टिळकांचे अभंग आले आणि म्हाताऱ्या डोळे मिटून टाळी वाजवायला लागल्या. हे एकट्या टिळकांनी सुरू केलं असं मात्र नाही. त्यांच्या कितीतरी आधी नगरच्याच कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं, झांज-मृदंगासकट. पण टिळक उघड सांगत, की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. पूल ओलांडल्यावर तो पाडायचा असतो, असं मानणारे उपदेशक तुम्ही बरेच पाहिलेत. हे गृहस्थ त्या पुलावरून रोज ये-जा करत.

१९०९ च्या सुमाराला तुम्ही नगरला जाता आणि सवयीनं त्यांच्या घरी डोकावता. ओसरीवर एक पोरगेला तरुण बसला आहे, किडकिडीत, नजर हरवलेली. तुम्ही सलाम करता. तो गोंधळून नमस्कार करतो. म्हणजे आपल्यातला नव्हे.

हा त्र्यंबक बापूजी ठोमरे. जळगावला १९०७ साली कविसंमेलन भरलं तेव्हा सतराव्या वर्षी कविता म्हणून यानं सभा जिंकली आणि बालकवी म्हणून नाव झालं. टिळक त्या संमेलनाला होते. आता हा त्यांच्या घरी राहतो, लक्ष्मीबाई त्याचं आईच्या मायेनं करतात, रुसवेफुगवे काढतात, जेवायला हाका मारतात. त्याचं लक्ष नसतं. टिळकांचंही नसतं. दोघं कवी एका घरात म्हणजे भाजी कोण आणणार हा प्रश्न रोजचा, आणि त्याचं उत्तरही रोज एकच.

संध्याकाळी तुम्ही त्यांच्यात बसता. टिळक एक ओळ म्हणतात, ठोमरे मान हलवतात. मान उभी हलते की आडवी यावर टिळकांचा पुढचा अर्धा तास अवलंबून असतो. नावाजलेला कवी, पाळक, वयानं दुपटीहून मोठा, आणि एका मुलाच्या मानेकडे डोळे लावून बसला आहे. तुम्ही मास्तर आहात, तुमच्या मनात साहजिकच येतं: आता हे मुलाला येशूबद्दल काही सांगतील. संधी चांगली आहे. रात्र होते, जेवणं होतात, प्रार्थना होते. ज्याला बसायचं तो बसतो. संधी तशीच जाते.

दुसऱ्या दिवशी मिशनमधले एक वडीलधारे तुम्हाला गाठून विचारतात. हा मुलगा टिळकांच्या घरी खातो-पितो, राहतो. मग प्रभूचा स्वीकार कधी करणार? तुमच्याजवळ उत्तर नसतं. ते उत्तर कोणालाच मिळालं नाही, कारण बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. त्या घरानं त्यांच्यावर केलेल्या मायेचा 'निकाल' काय लागला, असं विचाराल तर मिशनच्या अहवालाच्या भाषेत काहीच नाही. मला मात्र वाटतं, टिळकांच्या घरातल्या विश्वासाची सगळ्यात कडक कसोटी इथे लागली आणि तो उतरला. ज्याच्याकडून काही मिळवायचं आहे त्याच्यावर माया करणं म्हणजे निम्मा धंदाच.

१९१७. आता तुमचे केस पांढरे व्हायला लागले आहेत, आणि नगरभर एकच चर्चा आहे: टिळकांनी मिशन सोडलं. पगार सोडला. साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' म्हणून काहीतरी काढलं आहे, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले नि न घेतलेले दोघंही चालतात.

तुम्हाला धास्ती वाटते. तुमची शाळा मिशनची, घर मिशनचं, पेन्शन मिळालीच तर ती मिशनची. तुमच्या पिढीला मिशननं माणूस केलं, हे तुम्ही विसरू शकत नाही. पण कंपाउंडची भिंत तुम्हालाही दिसते. आत आपण, आपली शाळा, आपलं देऊळ, आपला दवाखाना, बाहेर गाव. साहेबाच्या भाषेत आपण पगारी मदतनीस, गावाच्या भाषेत साहेबाची माणसं. शेजाऱ्याच्या बारशाला, मयताला जायचं तर आधी चार जणांना विचारायचं. मैत्री करायची ती वेळापत्रकात बसवून, बुधवारी संध्याकाळी, पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून. टिळकांना नेमकं हेच सलत होतं. ख्रिस्ती माणूस गावातून उठून कंपाउंडात गेला, की तो कोणाचा शेजारी उरतो?

तर तुम्ही रजा काढून साताऱ्याला जाता. अजिंक्यताऱ्याखाली संध्याकाळचा गार वारा सुटला आहे. भजन सुरू आहे, टाळ आहेत, टिळक संन्याशासारखे साधे बसले आहेत, खूप थकलेले. तुमच्या शेजारी एक व्यापारी गृहस्थ आहेत. गळ्यात तुळशीची माळ. तोंडात टिळकांचा अभंग, ख्रिस्ताच्या नावाचा, आणि तुमच्यापेक्षा चांगल्या सुरात. तुम्ही मध्येच विचारता, बाप्तिस्मा झाला का आपला? ते नाही म्हणतात. घेणार आहात? ते टाळ खाली ठेवतात आणि तुमच्याकडे बघतात. तुमच्या बापाला पाटील बघायचा तसं नव्हे. एखाद्या लग्नात नवऱ्या मुलाचा पगार विचारणाऱ्याकडे पाहुणे बघतात तसं. मग टाळ पुन्हा उचलतात. दुसरी जोडी तुमच्या पुढ्यात पडलेली असते. तुम्हाला तालाचं अंग फारसं नाही, तरी घेता.

दरबार फार दिवस चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. त्यांच्यामागे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं, आणि ज्यांना शाळेचं तोंड पाहायला मिळालं नव्हतं त्या लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. त्यांनी ते कसं केलं हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

शेवटचा मुक्काम १९३५, तुमच्याच गावात. शाळेतून निवृत्त होऊन तुम्ही अंगणात बाज टाकून बसता. आडासाठी अजून भांडण आहे; चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन आठ वर्षं झाली, आणि याच वर्षी येवल्याला डॉक्टर आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आहे. तुमचे पुतणे त्यावर रात्र रात्र बोलतात आणि तुमच्या ख्रिस्ती असण्यालाही टोचून प्रश्न विचारतात: काका, तुमच्या देवळात तरी सगळे एका बाकावर बसतात का? तुम्ही त्यांना टिळकांच्या माठाची गोष्ट सांगता. ते ऐकतात आणि म्हणतात, ते एक घर झालं. बाकीच्यांचं काय? त्यांचं चुकतं असं तुम्हाला म्हणता येत नाही.

एक दिवस कुळकर्ण्यांच्या सूनबाई तुमच्या कुंपणापाशी येऊन उभ्या राहतात. शाळेत चौथीपर्यंत त्या तुमच्याकडेच शिकल्या. हातात एक पुस्तक आहे आणि हसू आवरत नाहीये. 'स्मृतिचित्रे', पहिला भाग, पुण्याहून कोणी आणून दिलेला. घरात पाळीपाळीनं वाचन चाललं आहे. सासूबाई, ज्यांनी उभ्या आयुष्यात शुभवर्तमानाला हात लावला नाही, त्या रोज दुपारी विचारतात की आता टिळकांनी पुढे काय घोटाळा केला. पस्तीस वर्षांत तुमचं एक पत्रक त्या वाड्याचा उंबरठा ओलांडून गेलं नव्हतं.

"मास्तर, तुम्ही यांना पाहिलंय ना?"

पाहिलंय, तुम्ही म्हणता. त्यांच्या घरी जेवलोय.

सूनबाई कुंपणावरून पुढे झुकतात. मग खरं सांगा, टिळक ख्रिस्ती का झाले? तुम्ही घसा खाकरता. हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून तुम्ही आयुष्यभर वाट पाहिली. उत्तर पाठशाळेत घोटून घेतलं होतं, तीन मुद्दे आणि वचनं. तुम्ही पहिल्या मुद्द्याला हात घालता, "हे बघा, मनुष्य मूळचाच..."

"ते राहू द्या हो," सूनबाई म्हणतात. "ते घरातलं सामान खरंच असं वाटून टाकायचे? आणि बाईंनी एवढं सगळं सोसून घेतलं, ते कशाच्या जोरावर? ते सांगा."

तुम्ही बाजेवरून उठता, आत बायकोला चहा टाकायला सांगता, आणि सूनबाईंसाठी फाटकाची कडी काढता.